कुलपाची किल्ली कुणाकडे?

२०२१ चा नोव्हेंबर आठवतोय? सूर्याचा 'जय भीम' आला होता आणि पंधरा दिवस आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर दुसरं काही नव्हतं. मी तेव्हा बारावीत होते. रात्री पांघरुणात मोबाइल धरून पाहिला, रडले आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकलं, 'हे दोन शब्द कुठून आले माहीत आहे का? आमच्या कामठीतून.' पुण्याच्या एका मैत्रिणीने लगेच विचारलं, 'कामठी म्हणजे नक्की कुठे?' मी लोकेशन पाठवलं. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, कन्हान नदीच्या अलीकडे.

बढाई मारून झाली. पण एक गोष्ट मला तेव्हा माहीतच नव्हती. त्याच वर्षी आमच्या गावाला दोनशे वर्षं झाली होती. इंग्रजांनी कन्हानच्या काठी लष्करी छावणी वसवली ते साल १८२१. मला हे कळलं इंटर्नशिपमध्ये, दुसऱ्याच कुठल्या तरी बातमीसाठी जुन्या गॅझेटिअरमध्ये डोकं घातलं तेव्हा. माझ्या अठराव्या वाढदिवसाला केक साधाच आणला म्हणून मी घरी भांडले होते आणि गावाचा दोनशेवा वाढदिवस कधी आला, कधी गेला, मला पत्ताही नव्हता.

दोष कुणाला देणार? त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सगळे बेड आणि ऑक्सिजन शोधत होतो. आणि खरं सांगायचं तर तो वाढदिवस नक्की कुणाचा, हाही प्रश्न आहेच. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या मुठीत आलं आणि राजधानीवर नजर ठेवायला शेजारीच फौज बसवली गेली. ती फौज म्हणजे कामठी. 'कॅम्प-टी'वरून कामठी झालं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमच्या शाळेत तर ती दर वर्षी कुणी ना कुणी निबंधात लिहायचंच. तर केक कापायचा तो इंग्रजांच्या तोफखान्याच्या नावाने का? मला नाही वाटत.

पण छावणीच्या मागोमाग जी माणसं आली, ती गावाची खरी गंमत आहे. मद्रास आर्मीच्या पलटणींबरोबर तेलुगू-तमिळ बोलणारी कुटुंबं आली. बाजार भरला तसे मारवाडी व्यापारी आले. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले आणि हातमाग लागले. आजूबाजूच्या गावांतून कामाच्या शोधात महार कुटुंबं आली. मग रेल्वे आली, व्यापार नागपूरकडे वळला, छावणीही पुढे छोटी झाली. १८८१ पासून वस्ती सतत घटत गेली आणि १९०१ च्या जनगणनेत ती ३८,८८८ वर आली. गाव रिकामं होत होतं. जी माणसं उरली त्यांनी माग चालवले आणि बिड्या वळल्या.

त्या घटत्या गावात, ६ जानेवारी १९०४ ला, रेल्वेत कारकून असलेल्या एका माणसाच्या घरी हरदास लक्ष्मणराव नगराळे जन्मले. तेच आपले बाबू हरदास एल. एन. २०२९ च्या जानेवारीत त्यांची १२५ वी जयंती आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

मध्यंतरी एका मोहल्ल्यात याच जयंतीच्या तयारीची छोटीशी बैठक होती. मी वही घेऊन मागच्या खुर्चीत बसले. तीसेक माणसं, त्यात बायका चार, आणि पंचविशीच्या आतली मी एकटीच. (तुम्ही कुठे होता बे?) पहिला पाऊण तास पुतळा किती फुटांचा, यात गेला. मग डीजे एक की दोन. मग स्मारक भवन. तळमजल्यावर हॉल, वर गॅलरी, समोर पार्किंग, रात्री लायटिंग. एका काकांनी तर मोबाइलवर थ्रीडी चित्रसुद्धा आणलं होतं. झाडं हिरवीगार, आकाश निळंशार, पायऱ्यांवर सूट घातलेली दोन गोरी माणसं. कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून आली असणार बिचारी.

शेवटी 'कुणाला काही विचारायचं आहे का' झालं. मी उभी राहिले. म्हटलं, 'काका, हे बांधून झाल्यावर रोज उघडणार कोण? किल्ली कुणाकडे राहणार?' क्षणभर शांतता, मग हसू. एक भाऊ प्रेमानेच म्हणाले, 'ताई, आधी बांधू तर द्या. तुम्ही फक्त बातमी चांगली लावा, फोटो मोठा घ्या.'

मला त्यांचा राग आला नाही. ही माणसं पदरचे पैसे टाकून, रात्री जागून जयंती करतात. त्यांनी नसती केली तर माझ्या पिढीला बाबू हरदास हे नावही माहीत नसतं. पण तो किल्लीचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण बंद हॉल मी पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील. उद्घाटनाच्या कोनशिलेवर अकरा नावं, दरवाज्याला गंजलेलं कुलूप, आत लग्नाच्या खुर्च्या आणि मागच्या वर्षीचं बॅनर. चौकशी केली की कळतं, किल्ली अमक्याकडे आहे आणि ते बाहेरगावी गेलेत.

असं का होतं, हे मी जरा विचारत फिरले. उत्तर फार साधं निघालं. इमारत बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. जिल्हा नियोजनातून असो, आमदार-खासदार निधीतून असो, पैसा 'बांधकामा'साठी येतो. त्यातून भिंत होते, फरशी होते, पुतळा होतो. विजेचं बिल, रखवालदाराचा पगार, संध्याकाळी दार उघडणाऱ्या ग्रंथपालाचं मानधन हे दर महिन्याचे खर्च आहेत आणि त्यासाठी वेगळी तरतूद लागते. भूमिपूजनाच्या दिवशी त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण विजेच्या बिलाचा फोटो काढता येत नाही.

मोठ्या स्मारकांचं बघा. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झालं. त्यानंतर किती मुदती आल्या आणि गेल्या, मोजायचं मी सोडून दिलं. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ चं. समुद्र तिथेच आहे. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे दीक्षाभूमी. जुलै २०२४ मध्ये तिथल्या भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी रस्त्यावर येऊन बंद पाडलं. स्तूपाला धक्का लागेल ही भीती होतीच, पण मला त्या दिवशी आंदोलनात भेटलेल्या एका मावशींचं वाक्य जास्त लक्षात राहिलं. म्हणाल्या, 'आमाले इचारलं कोणी?' आराखडा होता, निधी होता, मशिनी आल्या होत्या. ज्यांची जागा त्यांना विचारायचं राहून गेलं होतं. सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई स्मारकाच्याच विरोधात दिसते. नाही. पुतळ्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. कॉलेजात एक मुलगा मला म्हणाला होता, 'पुतळ्यांवर खर्च कशाला, हॉस्पिटल बांधा ना.' ऐकायला बरं वाटतं. पण ज्यांना पिढ्यान्पिढ्या चौकात उभं राहू दिलं नाही, त्यांच्या माणसाने त्याच चौकात मान वर करून उभं राहण्याला काय अर्थ आहे, हे त्याला कळायला वेळ लागेल. दीक्षाभूमीचा स्तूप बांधायला १९७८ मध्ये सुरुवात झाली आणि लोकार्पण झालं डिसेंबर २००१ मध्ये. तेवीस वर्षं लोकांनी धीर धरला. आता दसऱ्याला तिथे जाऊन बघा, दगड आणि सिमेंट माणसांसाठी काय होऊ शकतं ते. आमच्या कामठीतलंच ड्रॅगन पॅलेस घ्या. १९९९ मध्ये, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने सुलेखा कुंभारे यांनी ते उभं केलं. बाहेरगावच्या माणसाला कामठी म्हटलं की तेच आठवतं. ते आठवतं कारण ते उघडं असतं, स्वच्छ असतं आणि आत गेलं की शांत बसता येतं. म्हणजे कामठीत वास्तू टिकत नाही, असं काही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. बाबू हरदासांचं स्मारक कसं असावं, याचा आराखडा त्यांनी स्वतःच करून ठेवला आहे. तोही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी.

सतराव्या वर्षी, १९२१ मध्ये, त्यांनी 'महारठ्ठा' नावाचं साप्ताहिक काढलं. सतरा म्हणजे आपण अकरावी-बारावीत असतो ते वय. (गंमत म्हणजे तेव्हा कामठी शंभर वर्षांची होत होती. म्हणजे गावाच्या शंभरीला एका पोराने पेपर काढला आणि दोनशेला आम्ही स्टेटस टाकले.) पुढे बायकांच्या शिक्षणासाठी महिला आश्रम. बिडी कामगारांची पिळवणूक थांबावी म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचं काम, मग कामगारांचा संघ. १९२४ मध्ये अंधश्रद्धेवर 'मंडळ माहात्म्य' हे पुस्तक. आणि १९२७ मध्ये कामठीत रात्रशाळा, ८६ मुलगे आणि २२ मुली. जोडीला संत चोखामेळा यांच्या नावाचं ग्रंथालय.

त्या २२ मुलींवर मी अडकले. १९२७. दिवसभर बिड्या वळून, भांडी घासून, संध्याकाळी कुणाची तरी परवानगी काढून त्या आल्या असतील. कंदिलाभोवती बसल्या असतील. आज माझ्या ओळखीत अशा मुली आहेत ज्यांना संध्याकाळी सातनंतर अभ्यासिकेत जायला घरून परवानगी नाही. त्या मुली शंभर वर्षांपूर्वी जात होत्या.

मग १९३२. हे साल पुस्तकात पुणे करारासाठी वाचतो आपण. पण त्याच वर्षी ७ मे रोजी अखिल भारतीय दलित वर्गाचं अधिवेशन कामठीत भरलं होतं. मुनुस्वामी पिल्ले अध्यक्ष होते, बाबू हरदास स्वागताध्यक्ष. स्वतंत्र मतदारसंघ हवेत असा ठराव तिथे झाला, राजा-मुंजे कराराला विरोध झाला. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. देशाच्या घटनाक्रमातलं एक पाऊल आमच्या गावात पडलं होतं. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, ते नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने गेले. वय पस्तीस. कन्हानच्या काठी अंत्यसंस्कार झाले.

'जय भीम'ची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. असं सांगतात, की एका मौलवींकडून त्यांनी 'सलाम आलेकुम' आणि त्याचं उत्तर 'वालेकुम सलाम' हे नीट समजून घेतलं आणि त्यावरून ठरवलं, आपणही भेटल्यावर 'जय भीम' म्हणायचं आणि समोरच्याने 'बल भीम'. उत्तर मागे पडलं, अभिवादन जगभर गेलं. असा विचार कामठीतच सुचू शकतो. जिथे एका गल्लीत अजान, पुढच्या गल्लीत वंदना, मधे तेलुगूत भांडण आणि बाजारात सगळ्यांची मिळून एक हिंदी.

तर मुद्दा असा. ज्या माणसाने रात्रशाळा आणि ग्रंथालय काढलं, त्याच्या स्मारकात संध्याकाळी सात ते दहा दिवा लागलेला असला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

तुमचा आणि माझा स्वार्थ सांगते. आमच्याकडे दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात. टीव्ही एकाच खोलीत. एमपीएससी, सीईटी, सेमिस्टर, जे काय असेल ते, अभ्यास करायचा कुठे? नागपुरात दरमहा पैसे मोजून खुर्ची मिळते, वर जाण्यायेण्याचा खर्च. ज्यांना परवडतं ते जातात. मेट्रो आता ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली आहे, दुसऱ्या टप्प्यात ती कन्हान नदीपर्यंत येईल, मग जाणं सोपं होईल हे खरं. पण प्रत्येक गोष्टीसाठी नागपूरलाच का जायचं? रेल्वे आली तेव्हा व्यापार नागपूरला गेला. मेट्रो आली की पोरं संध्याकाळीही तिकडेच जातील.

म्हणून माझी बैठकीतल्या काकांना आणि तुम्हालाही एक विनंती आहे. २०२९ ची वाट बघू नका. २०२७ मध्ये त्या रात्रशाळेला शंभर वर्षं होतात. त्याच वर्षी महाडच्या सत्याग्रहालाही शंभर होतात, त्यामुळे महाराष्ट्रभर मंडप पडतील, भाषणं होतील. कामठीने त्या वर्षी फक्त एक खोली उघडावी. समाजभवनाची, शाळेची, कुणाच्या घराची का असेना. वीस खुर्च्या, चार ट्यूबलाइट, एक कपाट, आणि मुलींसाठी स्वच्छ बाथरूम (हे लिहावं लागतंय, कारण बहुतेक आराखड्यांत ते राहून जातं). सात ते दहा. दोन वर्षं ती खोली रोज उघडून दाखवा. किती पोरं येतात, वीज किती लागते, भांडणं कशावरून होतात, रात्री मुलींना घरी सोडायचं काय, सगळं कळेल. मग त्या दोन वर्षांच्या हिशोबावर इमारतीचा आराखडा काढा. तेव्हा आर्किटेक्टला सांगता येईल की गॅलरी नको, वर आणखी एक अभ्यासिका हवी.

आणि भूमिपूजनाच्या आधी एक साधा कागद करा. दरमहा खर्च किती, देणार कोण. नगर परिषद देणार असेल तर तसा ठराव. सार्वजनिक ग्रंथालय म्हणून मान्यता मिळाली तर १९६७ च्या कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान असतं, अ, ब, क, ड. त्यातून सगळं भागत नाही, ग्रंथपालांना विचारा म्हणजे ते सविस्तर आणि रागाने सांगतील. उरलेलं आपण उभं करायचं. जयंतीला एका डीजेवर जेवढे जातात त्याच्यात वर्षाची वीज भागेल की नाही, हा हिशोब तुमच्या मोहल्ल्यात तुम्हीच करा. मी इथे आकडा लिहिला तर पुढच्या बैठकीत मला चहा मिळणार नाही.

सोहळा कसा करावा याचंही एक उदाहरण आहे. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कोल्हापूर सकाळी दहा वाजता शंभर सेकंद थांबलं होतं. माणसं जिथल्या तिथे उभी. रस्त्यावर, दुकानात, ऑफिसात. खर्च जवळजवळ शून्य. व्हिडिओ बघा, अंगावर काटा येतो. आणि शाहू महाराजांचं खरं स्मारक विचाराल तर त्यांनी काढलेली वसतिगृहं, शंभर वर्षांनंतरही ज्यांत पोरं राहतात, शिकतात. एखाद्या खोलीत आज कुणीतरी उद्याच्या पेपरची उजळणी करत असेल.

एक गोष्ट मात्र खोलीपेक्षाही घाईची आहे. आता मला माझ्याच घरातलं सांगावं लागेल.

माझी आजी आठव्या वर्षापासून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, हातात कैची. मी लहान असताना तिची बोटं चालताना बघायचे, ती बोलत असायची आणि बोटांचा तिच्या बोलण्याशी संबंधच नसायचा. संध्याकाळी ठेकेदाराकडे नेल्या की तो त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. बाजूला टाकलेल्या बिड्या तो परतही द्यायचा नाही. 'मंग त्या खराब बिड्या पेत कोण होतं?' असं म्हणून ती हसायची.

तिचे वडील रात्रशाळेत शिकलेले. आजी सांगायची, 'माह्या बाबाले कंदिलाच्या उजेडात बाराखडी शिकवली बाबू हरदासनं. बाबा मंग आमाले पेपर वाचून दाखवे.' हे खरंच बाबू हरदासांनी स्वतः शिकवलं की त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या कुणी, हे मी कधी नीट विचारलं नाही. शाळा कुठल्या गल्लीत होती, हे विचारलं नाही. आजोबांच्या वर्गात मुली बसायच्या का, त्या कोण होत्या, पुढे त्यांचं काय झालं, काहीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर आजी गेली. माझ्या मोबाइलमध्ये तिचं एक रेकॉर्डिंग आहे, अकरा मिनिटांचं. मुलाखत कशी घ्यावी या विषयाच्या असाइनमेंटसाठी केलेलं. त्यातली सहा मिनिटं मागे सिरिअल चालू आहे. उरलेल्या पाचात मी तिला विचारते, 'आजी, तुला कोणती भाजी आवडते?' कारण मॅडमनी सांगितलं होतं, सुरुवात सोप्या प्रश्नाने करा. मग माझा फोन वाजतो. पत्रकारितेची पदवी घेतेय मी.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या घरी, शेजारी, ऐंशीच्या पुढचं कुणी असेल. बिडी वळणारी मावशी, हातमागावर बसलेले चाचा, ज्यांचे वडील छावणीत खानसामा होते असे तेलुगू बोलणारे आजोबा. त्यांना बोलतं करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, टीव्ही बंद करायला सांगा, आणि त्यांच्याच भाषेत बोलू द्या. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, जी असेल ती. स्मारकाच्या भिंतीवर मोठी वाक्यं कोरायला पुष्कळ लोक आहेत. त्या भिंतीआड ठेवायला मात्र ही माणसंच लागतील. जुनी पेटी, ट्रंक, माळा असेल तर उघडून बघा. बिडी कामगाराचं ओळखपत्र, संघाची पावती, १९३२ च्या अधिवेशनाचं पत्रक, आणि नशीब असेल तर 'महारठ्ठा'चा एखादा अंक. सापडलं तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. साध्या कागदात ठेवा आणि स्कॅन करा. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू ठेवल्यात. त्या टिकाव्यात म्हणून पुढे त्यांवर शास्त्रीय प्रक्रिया करून घ्यावी लागली. कापड आणि कागद आपण जयंती कधी करतो त्याची वाट बघत थांबत नाहीत.

बैठकीला मी पुढच्या वेळीही जाणार आहे. काकांना ते थ्रीडी चित्र पुन्हा दाखवायला सांगेन आणि विचारेन, यात बाथरूम कुठे आहे. तुमच्यापैकी चार-पाच जण आलात तर पंचविशीच्या आतली मी एकटी राहणार नाही. पुतळा किती फुटांचा यावर मत द्यायची गरज नाही, खुर्च्या किती यावर द्या.

आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी आहेत. माझ्या आजीबरोबर एकाच ठेकेदाराकडे बिड्या द्यायला जायच्या. मी परवा त्यांच्याकडे गेले, म्हटलं, तुमच्याशी बोलायचं आहे, रेकॉर्ड करणार आहे, चालेल का? त्यांनी आधी विचारलं, 'पैसे लागन का?' नाही म्हटलं. मग म्हणाल्या, 'रविवारी ये. पण नळ येऊन गेल्यावर ये, आधी नको.'